टाकी क्रमांक सात

नेपल्सच्या या प्रयोगशाळेत रात्रपाळीला मी एकटी,
आणि त्या अकरा जणी.
पाठीवर शंख नाही, अंगात कणा नाही,
ओल्या बुटाच्या जिभेसारख्या तपकिरी गोगलगाई.
कोळी त्यांना बादलीतून आणून देतो,
मी शेवाळ खाऊ घालते.
नावं ठेवायची नाहीत, असा नियम आहे.
मी सगळ्यांना ठेवली आहेत.

सातव्या टाकीत फिलोमेना.
डॉक्टर तिच्या शेपटीला विजेचा चिमटा देतात.
नंतर मी मऊ कुंचल्यानं नुसतं शिवलं, तरी
ती कल्ला आत ओढून घेते,
आणि मी सेकंद मोजते.

डॉक्टर म्हणाले, नुन्झियाता,
चार चिमटे एका दमात दिले तर ही लवकर विसरते.
तेच रोज थोडे थोडे, चार दिवस, मधे उसंत देऊन दिले
तर आठवडेच्या आठवडे धरून बसते.
मुरायला वेळ लागतो.
आत खरोखरच बांधकाम निघतं,
पेशीला नवे फाटे फुटतात.
म्हणजे घर करते, मी म्हटलं.
ते हसले. लिहून मात्र घेतलं.

मग मी विचारलं, आणि जे एकदाच झालं?
ऐंशी सालचा नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळ,
डोंगरातलं आमचं गाव, दीड मिनिट.
सात वर्षांचा रोक्को आतल्या खोलीत बूट शोधत होता.
अजून खालून ट्रक गेला, कपाटात बशा किणकिणल्या
की मी खांदे आत ओढून घेते.

एकदाच? डॉक्टर म्हणाले.
नीट मोजा.

आईनं पाद्र्याला सांगितलं, तंबूत ब्लँकेटं वाटणाऱ्या बाईला,
तुरीनच्या आत्याला फोनवर, दर नाताळला.
मी नवऱ्याला, मुलींना,
आणि छताला तर रोजच.
चाळीस वर्षांची उजळणी.
पितळ उजळावं तशी:
दरवेळी लखलखतं, दरवेळी थोडं फडक्याला लागून जातं.

आधी दार हिरवं होतं,
हल्ली सांगताना निळं येतं.
रोक्कोचा आवाज माझ्या धाकटीचा झालाय.
बूट एकच सापडला. तपकिरी.
की तोही आता
या टाकीतूनच रंग घेऊन गेला?

पहाटेचे चार. एकोणतिसावा दिवस.
आज कुंचला कोरडाच ठेवला,
पाण्यात नुसतं बोट धरलं.
फिलोमेना आली, चाचपून गेली.
सेकंदांच्या रकान्यात काय लिहायचं
ते अजून सुचलेलं नाही.