परतीचं कारण

रॅनफर्लीत माझं दुकान. मेंढरांची औषधं, तार, बूट,
आणि मागच्या फळीवर, उंदराच्या विषाशेजारी,
कुत्र्यांना वळण लावायचे विजेचे पट्टे.
चार प्रकारचे. पाचवा मागवला होता,
महाग निघाला, धूळ खातो.

गिऱ्हाईक आलं की तीन गोष्टी विचारतो.
कुत्र्याचं वजन किती.
मानेवरचे केस केवढे,
दाट असतील तर खुंट्या लांब लागतात,
कातडीला भिडल्या नाहीत तर सगळं फुकट.
आणि तिसरं, कशासाठी.
पहिल्या दोहोंची उत्तरं तोंडावर असतात.
तिसऱ्याला लोक बुटांच्या किमती वाचू लागतात.

सप्टेंबरात, कोकरांच्या घाईत, इओना मॅक्रोस्टी आली.
ओला कोट, नखांत आयोडीन.
बत्तीस किलो, म्हणाली. केस मध्यम.
हंटअवे आहे. ब्रिग.
तिसरं मी विचारायच्या आत:
लिंडसे होरनं काल बंदूक दाखवली.
त्याच्या रानात दोन मेंढ्या फाटलेल्या सापडल्या.
पुढचं बोलायची गरज नव्हती.
या माळावर शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं
मेंढरांमागे लागलेल्या कुत्र्याचं काय होतं.

मी पट्टे काउंटरवर मांडले, सोनार पाटल्या मांडतो तसे.
हा नुसता थरथरतो, बहिऱ्या कुत्र्याला बरा.
हा आधी आवाज देतो, ऐकलं नाही तर झटका.
याची रेंज पाऊण मैल, म्हणजे खोक्यावर.
आपल्या घळींत निम्मी धरा.
आणि हा शंभर पायऱ्यांचा.
आठवर सुरू करा, कान हलला की तिथंच थांबा.
"चाळीसला काय होतं?"
हात द्या, म्हणालो.
"तुम्ही द्या तुमचा."

बारा वर्षं विकतोय, कधी लावून पाहिला नव्हता.
आठला मुंगी चालली.
वीसला मुंगीनं मन बदललं.
चाळीसला हातातलं पेन कपाटाखाली गेलं,
अजून तिथंच आहे.
ती हसली नाही. तोच घेतला. रोख.

तीन आठवड्यांनी खोकं परत.
बिल, माहितीपुस्तक, पिशवीचं तोंडसुद्धा नीट दुमडलेलं.
एका खुंटीला दोन काळे केस.
चालत नाही का?
चालतो, म्हणाली. एकदाच दाबला. बावीसवर.
आता मेंढ्यांकडे बघतसुद्धा नाही.
मग?

कुंपणापाशी तेव्हा अलेक उभा होता, तिचा सासरा,
पिवळ्या रेनकोटात, शीळ घालत.
तिनं बटण दाबलं
आणि नेमकी तेव्हाच ब्रिगनं त्याच्याकडे मान वळवली.
कुत्र्यानं हिशेब केला. त्याच्या परीनं चोख.

आता अलेक दिसला की तो शेडमागे जातो.
नऊ वर्षं त्याच्याच खुर्चीखाली झोपणारा.
म्हाताऱ्यानं रेनकोट न घालता भिजून पाहिलं.
टोपी बदलली.
ताटातली कलेजी घेऊन पायरीवर बसला, थंड होईपर्यंत.
काल विचारत होता,
मी कधी मारलं का गं त्याला? मला आठवत नाही.
तुम्ही काय सांगितलंत?
नाही म्हटलं. एवढंच.

उघडलेला माल परत घेत नाही.
तशी पाटी आहे, मीच रंगवलेली.
परतीच्या कागदावर तीन चौकोन:
बिघाड. चुकीचं माप. इतर.
इतरपुढे एक ओळ, चार बोटं लांब.
मी पैसे मोजून दिले.
तिनं त्यातलेच साडेचार डॉलर पुढे सरकवले,
एक प्लास्टिकची शिट्टी घेतली,
दोनदा वाजवून पाहिली.
अलेकच्या शिळेसारखी नको होती तिला.
तिसरी शिट्टी पसंत पडली.

लिंडसे होर शुक्रवारी येऊन गेला. खिळे नेले.

कागदावरची ओळ कोरीच आहे.
हल्ली मी तिसरा प्रश्न आधी विचारतो,
आणि शेवटी आणखी एक:
बटण दाबाल तेव्हा आसपास कोण असेल?
कुणी नाही, म्हणतात.
सगळेच म्हणतात.