नवाचा पाढा

डोकं नऊ. एकेक हात नऊ.
छाती-पोट नव दुणे अठरा, पाठ तेवढीच,
पाय अठरा अठरा.
चादर बाजूला होईस्तोवर माझी बेरीज झालेली असते.

रबाळ्याच्या कारखान्यातला तो मुकादम
स्ट्रेचरवर उठून बसला होता, हसत होता,
काही नाही हो, जरा तोंड भाजलंय.
मी म्हटलं, डॉक्टरांना उठवा, नळी घालायला लागेल.
तन्वी घरत, नवी पोर, वही घेऊन माझ्या मागे:
सिस्टर, कशावरून?
नाकातले केस करपलेत. आवाज बसत चाललाय.
हे मी नंतर शोधलं, तिच्या वहीपुरतं.
पावलं त्याआधीच फोनकडे वळली होती.

एकतीस वर्षं ऐरोलीत हेच.
नळाचं पाणी, वीस मिनिटं.
हळद नको, टूथपेस्ट नको, शाई नको,
बर्फ तर मुळीच नको.
झोपेतही बडबडते म्हणे मी.

परवा घणसोलीच्या बाजारात
बोंबील निवडत होते, तर कोळीण म्हणाली,
सिस्टर, वलखलं का मना?

नाही.
डोळे पाहिले, नथ पाहिली, काहीच उमटेना.
तोंडं माझ्याकडे टिकत नाहीत;
भाच्याच्या हळदीला सख्ख्या नणंदेला विचारलं होतं
तुम्ही कोणाकडच्या?

मग सुटे द्यायला तिने हात पुढे केला.
डावा. करंगळी आत वळलेली, गळासारखी.
आणि सगळं एकदम:
खाट सात, खिडकीकडची, स्टोव्ह, बावीस टक्के,
मांडीची कातडी तळव्यावर बसलेली, गुलाबी, छान,
त्या आठवड्यात दोघीजणी रजेवर,
आणि दोन रात्री स्प्लिंट बांधायची राहिली.
राहिली नाही.
मी विसरले.

तिला हे ठाऊक नाही.
तुमीच वाचवलं मना, म्हणाली, चार बोंबील वरून टाकले,
त्यांचे पैसे घेईना.
मग तोच हात बर्फात खुपसला, पार मनगटापर्यंत.
अगं, बर्फ नको!
निघून गेलं माझ्या तोंडून.
ती खो खो हसली. शेजारणीही.

नाव विचारलं. सांगितलं तिने.
नाक्यापर्यंत येते तर गेलेलं.
पिशवीतून पाणी ठिबकत होतं चपलेवर.

तळहात म्हणजे एक टक्का, मुलींना शिकवते मी,
रोग्याचा तळहात, आपला नव्हे,
बोटं जुळवून धरायची.
करंगळीला वेगळा आकडा नाही.