दुखते म्हणजे कसं?

बुधवारी, बाजाराच्या दिवशी, डॉक्टरीणबाई येतात.
खताच्या दुकानामागची खोली, एक टेबल,
लाकडी पेटीत बारक्या बारक्या बाटल्या,
स्पिरिटचा वास.
पोरीला घेऊन गेले. दर महिन्याला दोन दिवस शाळा बुडते,
मागच्या खेपेला तर प्रार्थनेतच खाली बसली.

"पोटात दुखते तिच्या," मी म्हटलं.
"दुखते म्हणजे कसं?"
"दुखते म्हणजे... दुखतेच ना बाई."
त्यांनी पेन खाली ठेवलं.
"तुम्ही नका सांगू. प्रणोती, तू सांग."

आमचा पानमळा आहे.
बाहेरची बाई आत गेली तर वेल जळते म्हणतात.
म्हणून माझी तारीख साऱ्यांना ठाऊक.
सासऱ्यांना, दिराला,
पानं खुडायला येणाऱ्या गड्यालाही.
चार दिवस कूड ओलांडायचं नाही.
तेवीस वर्षांत तारीख कुणी चुकवली नाही.
कसं, हे कुणी विचारलं नाही.

पोरगी माझ्याकडे बघत राहिली, मग
भिंतीवरच्या कॅलेंडरला सांगितल्यासारखी बोलली.
एकदम येते. थांबते. पुन्हा येते.
ओलं फडकं पिळते ना कोणी, तसं.
मांडीत उतरते. उलटी होते.
दाबलं तर?
बरं वाटते.
शेकलं तर?
लय बरं वाटते.
झोपतेस कशी?
गुडघे पोटाशी घेऊन, उशी मधात घालून.
माय झोपते तशीच.

मी पदराचा काठ बघत बसले.

"धुऱ्यावरचं कडू इंद्रावण माहीत आहे?"
माहीत नसायला काय झालं! बकरीही तोंड लावत नाही.
कुणी चाखलंच तर आतडी पिळून निघतात.
म्हणून पिळून येणाऱ्या दुखण्यावर तेच,
काट्यानं काटा, असं हे शास्त्र म्हणतं, त्या म्हणाल्या.
पण इतकं पातळ करायचं, पुन्हा पातळ,
की शेवटी थेंबात इंद्रावण सापडू नये.
"मंग राह्यलं काय त्याच्यात?"
माझ्या तोंडून निघूनच गेलं.
त्या रागावल्या नाहीत.
"मोठे डॉक्टर म्हणतात, काहीच नाही.
मी वीस वर्षं देते आहे. भांडत नाही."

मग कागदावर लिहून दिलं:
गरम पाण्याची बाटली. दुखण्याची साधी गोळी
सरकारी दवाखान्यात मिळते, ती घ्यायला लाजायचं नाही.
तीन महिने वही ठेवायची.
नाही फरक पडला तर अमरावती.

पोरीनं चार गोळ्या जिभेखाली धरल्या.
"गोड हाय," म्हणाली. हसली.

निघताना त्यांनी मलाच थांबवलं.
"आणि तुमचं?"
माझं काय. माझं वय झालं.
"किती दिवस?"
पहिले दोन होते. आता आठ. आता मधातही दुखते.
मी पेटीकडे बघितलं.
त्यांनी पेटीचं झाकण लावलं.
"तुम्हाला माझ्या गोळ्या नाहीत.
तुम्ही सोनोग्राफी करायची. या महिन्यात. मी चिठ्ठी देते."

पुढच्या पाळीला प्रणोती दुसऱ्या दिवशी शाळेत गेली.
गोळ्यांनी, की बाटलीनं, की साध्या गोळीनं,
की कुणी विचारलं म्हणून,
मला नाही सांगता येत.
माझी चिठ्ठी अजून डब्यात आहे, तिकिटाच्या पैशांसोबत.
सोमवारची गाडी धरायची आहे.

काल रात्री तिनं वही काढली,
मधोमध रेघ मारली. एका बाजूला तिचं नाव,
दुसरीवर "माय".
"सांग."
"काय सांगू?"
"कसं दुखते ते. बाईंनं लिहून आनाले सांगतलं."

बाहेर मळ्यात वेल उतरवणं चालू होतं.
मी कुडाच्या अलीकडून पाहते दर साली.
"लिही," म्हटलं.
"पोसलेली वेल वरून सोडवतात,
गुंडाळतात,
आन् मातीत दाबतात ना..."
ती लिहीत होती. मी थांबले.
"मंग?" ती म्हणाली. "पुढं?"