एक-चौदाची रात्र

फेरीबोटीवर सगुणमामा काहीच वाहून नेत नाही.
रायबंदरच्या धक्क्यावर उभा राहून
नुसता हात करतो:
स्कूटर डावीकडे, रिक्षा मधोमध,
पोदेराची सायकल कुठंही.
बोट बुडत नाही ती त्या हातामुळे,
पण हाताचं तिकीट कोणी काढत नाही.

मीही तेच करते, पर्वरीत, तिसऱ्या मजल्यावर.

आज शेवटची तारीख.
अख्खा गोवा एक-चौदाचा उतारा मागतोय.
काणकोण मागतंय, पेडणे मागतंय,
कुवेतमध्ये शिफ्ट सुटलेले मागतायत,
स्विंडनला अजून जेवणं व्हायचीत, तिथूनही.
कुणाच्या तरी पणजोबाच्या भाटासाठी
इतकी माणसं एका दारात आली
तर दारच मोडतं.
म्हणून दार एक आणि आत सर्व्हर चार:
मांडवी, जुवारी, शापोरा,
आणि तेरेखोल. ते जुनं हाड, तिला एक हिस्सा,
बाकीच्यांना तीन-तीन.
आमच्यात वाटणी अशी होते. वकील लागत नाही.

ग्लॅनिसने लिहिलेली एक ओळ
दर पाच सेकंदांनी प्रत्येकीला विचारते,
आसा?
आसा.
आसा?
आसा.

रात्री अकरा चाळीसला
आसा?

आसा?

आसा?

तीनदा गप्प राहिली
की तेरेखोलकडे कोणाला पाठवायचं नाही.
ओरडायचं नाही, कारण विचारायचं नाही.
तिच्यापाशी अर्धा अर्ज भरून बसलेली सांग्याची एक बाई
जुवारीच्या बाकावर आणून बसवली.
तिचे कागद आम्ही मधल्या कपाटात ठेवतो,
कुणा एकीच्या पदरात नाही.
तिला एवढंच जाणवलं असेल
की पान क्षणभर अडखळलं.

गर्दी तरीही फुगत चालली.
ग्लॅनिसने चहा बाजूला सारला, पाचवी उभी केली.
नाव काय देऊ?
साळ दे. लहान आहे, पण वाहते.

आणि हात करणाराच कोसळला तर?
त्याच्या मागे दुसरा उभाच असतो, बिनकामाचा,
पहिल्याचा श्वास मोजत.
तो थांबला की त्याचाच पत्ता गळ्यात घालून पुढे येतो.
मामाला ताप आला त्या आठवड्यात
त्याची शिट्टी घेऊन रुझारियो उभा राहिला,
आणि एकाही स्वाराने मान वर केली नाही.
मामा त्यावर दोन दिवस रुसला होता.
आमच्या धंद्यात यालाच यश म्हणतात.

तेरेखोलला यादीतून मात्र काढत नाहीत.
पाठवणं थांबतं. विचारणं नाही.

आमच्या चोडणच्या भाटाच्या उताऱ्यावर पाच नावं आहेत.
चौथं दादाचं.
बाबांच्या बाराव्याला तो आला नाही, तेव्हापासून
आम्ही त्याच्याकडे काही पाठवलं नाही.
मानकुरादचा डबा नाही, सहीचा कागद नाही.
तिथवर ठीक.
पण आम्ही विचारणंही सोडलं.
ती एक ओळ आमच्या घरात
कुणी लिहून ठेवली नव्हती.

पहाटे चार दहा.
आसा?
आसा.
एकदा पुरत नाही. तीनदा म्हणू दे.
मग सावकाश, आधी एक माणूस, मग चार.
नोंदवहीत पाहिलं:
उठून बसलेल्या तेरेखोलकडे गेलेला पहिला
स्विंडनचा.
गाव चोडण. सर्व्हे नंबर आमचा.
तिथं तेव्हा अकरा चाळीस.
उतारा दिला. चूक नाही.

पहिल्या बोटीला मामा हात करत होता.
तू पुढे हो, चालत आलेल्यांनी कडेला.
मी कडेला झाले,
फोनवर एकच शब्द लिहिला, मागे प्रश्नचिन्ह.
पाच सेकंद.
फळी वर गेली, पाणी फाकलं.
पाच सेकंद.