माशांची बारी

पांझरेवरच्या या बंधाऱ्याला नाव नाही.
कागदावर आकडा आहे, लोक नुसतं ‘दगडी’ म्हणतात.
आजोबा धुडकू पाटकरी, मग वडील, मग मी.
कुणाच्या शेताला कधी पाणी ते सांगायचं
आणि शिव्या खायच्या.

फडात बारी ठरलेली असते.
दोन गुंठेवाल्याचीसुद्धा.
गावात डोकी फुटली, सोयरिकी तुटल्या,
बारी नाही मोडली.

श्रावणात मुडावदकडून मासे येतात.
तापीतून वर येताना उजवीकडे वळायचं
हे त्यांना कोण सांगतं, माहीत नाही.
येतात आणि माझ्या भिंतीवर डोकं आपटतात.
दांडवण उडते दीड हात.
भिंत साडेचार हात. मी मोजलीय.
ती दहा वेळा उडते.
अकराव्या वेळी मी दुसरीकडे बघतो.

झिपरू माझा मेहुणा. त्याला जाळंही लागत नाही,
भिंतीखाली टोपली धरून उभा राहतो.
“पोटात अंडी आहेत रे.”
“म्हणून तर चव.”
खोटं नाही. मीही खाल्लीत,
कळण्याच्या भाकरीबरोबर, बोटं चाटत.

धुळ्याला अर्ज दिला:
माशांना वर्षातून एक बारी मिळावी.
साहेबांनी दोनदा वाचला.
“लाभधारकांच्या यादीत नाव आहे?”
नव्हतं.
“पाणीपट्टी कोण भरणार?”
बाहेर येऊन चहा घेतला. हसायचं होतं, जमलं नाही.

मग युरियाच्या रिकाम्या गोण्या, रेती भरून,
एकीला एक खेटून, जिन्यासारख्या.
दर पायरीला परातीएवढं डबकं,
दम खाण्यापुरतं.
आणि वामीसाठी काथ्याचा दोर, वरपासून खालपर्यंत, ओला.
आजोबा सांगायचे, वाम भिंत चढते,
हाताला काही धरायला मिळालं पाहिजे.
वामीला हात नसतात
हे त्यांना कुणी सांगितलं नसावं.

राहिलं पाणी.
पाटाचं दार पाडल्याशिवाय गोण्यांवर धार येईना,
आणि दार पाडलं की कुणाची तरी बारी बुडणार.
रविवारची रात्र गेंदाबाई वाडिलेची होती.
घरोघर कानबाई. ती रोटांचं पीठ मळत होती,
कोपरापर्यंत पांढरी.
ऐकून घेतलं, मळणं थांबवलं नाही.
“एक रात पानी नही भेटनं त काय व्हई?
देई टाक त्यासले.”

दार पाडलं.
मोबाइलच्या उजेडात, हातात खडू.
पहिला तास काही नाही.
दुसऱ्या तासाला एक बेडूक चढला. मोजला नाही.
मग खालच्या डबक्यात काहीतरी वळलं,
वरच्यात पडलं,
थांबलं,
इतका वेळ थांबलं की मी श्वास सोडला,
आणि ते गेलं.

झिपरू आला, टोपली घेऊनच.
बराच वेळ उभा राहिला.
मग टोपली पालथी घालून तिच्यावर बसला.
“हा शिंगाळा. मोठा आहे. रेघ मार.”

सकाळी बायका कानबाई बोळवायला आल्या,
पुढं वाजंत्री, पदरात लाह्या.
गेंदाबाई गुडघाभर पाण्यात वाकली,
गोण्यांकडे बघत राहिली.
“ह्या बी माहेरले निंघन्यात का रे?”
कुणीतरी हसलं. ती हसली नाही.

भिंतीवर रेघा दोनशे सात.
चुकल्या असतील, झिपरू मध्येच दोनदोन मारायचा.
वामीचा दोर रिकामा होता.
पण वरच्या गाठीपर्यंत
बोटाला चिकटेल असं काहीतरी चमकत होतं.

वहीत नावाचा रकाना आहे. तो कोराच ठेवला.
पुढच्या रकान्यात लिहिलं: मिळाली.

वर अक्कलपाड्याचं धरण आहे.
तिथं गोण्या पुरायच्या नाहीत, दोर तर नाहीच.
तिथं दारावर कोण असतं
याची चौकशी करतोय.