शब्दाला आठ रुपये

संपादिकाबाईंचं पहिलं पत्र चार ओळींचं:
सांगलीच्या हळदीवर आठशे शब्द.
सूर हलका ठेवा. वाचणारा पस्तीस हजार फुटांवर असेल
आणि त्याच्यापुढे सँडविच असेल.

मी विश्रामबागेतून वडापनं हरिपूरला गेले.
बाळासो बिरनाळ्यांनी मला जमीन दाखवली.
नुसती जमीन.
"हितं खाली हळद असायची," म्हणाले
आणि टाचेनं ठोकलं.
पोकळ वाजेल असं वाटलं. वाजलं नाही.

पेवाचं तोंड माणूस जाईल एवढं,
पोट हत्ती मावेल एवढं.
वर फरशी, फरशीवर माती.
उघडलं की लगेच उतरायचं नाही,
आधी दोरीला कंदील बांधून सोडायचा.
विझला तर वर थांबायचं, विडी ओढायची,
कुणाच्या तरी लग्नाचं बोलायचं,
पुन्हा सोडायचा.
तेवत राहिला तर मग माणूस.
"एकदा आमच्या थोरल्यानं कंदील न सोडताच..."
एवढं म्हणून ते चिंच सोलत बसले.

आता पेव नुसतं फुटतं,
क्लासेसचं, कॅफेंचं.
भरत कुणी नाही.

मी आठशे बारा शब्द पाठवले.
उत्तर दुपारी आलं. नम्र, आणि लाल शाईतलं.
कंदील काढावा, विमानात श्वासाचा विषय नको.
'दर पडले' यातलं पडणं टाळावं.
पेवं पुरात बुडाली हे मान्य,
पण पूर काढावा.
पेवाला आपण तळघर म्हणू या.

मी तळघर म्हटलं.
घरभाडं पाच तारखेला असतं.

काढलेले शब्द मोजले: एकशे शहाण्णव.
पंधराशे अडुसष्ट रुपयांचा अंधार.
त्या जागी 'सोनेरी' चारदा आलं.
त्याचेही आठ-आठ रुपये.

अंक लेखकाला पाठवत नाहीत,
तो आकाशातच मिळतो.
आणि आमच्या कवलापूरच्या धावपट्टीवर गवत.
शेवटी विट्याचा सुखदेव,
जो कोइमतूरला गलाई करतो,
दिवाळीला स्वेटरात गुंडाळून घेऊन आला.
"फुकटच असतंय, पर चोरल्यागत वाटलं."
पान बासष्टवर, समासात,
आधी बसलेल्या कुणीतरी
हप्त्यांची बेरीज केली होती.
चुकली होती. मी दुरुस्त केली नाही.

बिरनाळ्यांना इंग्रजी येत नाही.
त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नाही, नाकाजवळ नेला.
"ही सेलम हाय. आपली राजापुरी न्हवं."
मग ओळींवरून बोट फिरवत:
"कंदील कुठंशी आला?"
मी म्हटलं, बसला नाही. जागा कमी पडली.

सुखदेव मध्येच बोलला,
त्याला विमानाचं फार सांगायचं असतं:
उडायच्या आधी एक पोरगी उभी राहती,
पिवळा मुखवटा दावती.
हवा संपली तर त्यो वरनं खाली येतोय, दोरीला.
आधी आपण लावायचा, मग पोराला.
कोण बघत न्हाई तिच्याकडं.

बिरनाळे बराच वेळ गप्प.
"दोरीला?"
"दोरीला."
"आन् कोणच बघत न्हाई?"

अंक त्यांनी मांडीखाली घातला, परत दिला नाही.
पैसे मिळाले का, विचारलं.
नव्वद दिवस लागतात, मी म्हटलं.
तेवढं त्यांना पटलं.

रात्री दुसरं पत्र आलं होतं.
तासगावचा बेदाणा, सहाशे शब्द, सूर हलका.
मी कोरी फाईल उघडली
आणि थोडा वेळ
आत उतरले नाही.