दार क्रमांक नऊ

दोनशे चौदा कंपन्या, पत्ता एकच.
रिगा, दौगावा नदीचा डावा काठ,
लाकडी इमारत, तिसरा मजला, दार क्रमांक नऊ.
मी ट्रामने गेले. ऑफिसची गाडी
साहेबांना घेऊन परिषदेला गेली होती.
परिषदेचा विषय : जोखीम.

फेब्रुवारी. नदी गोठलेली.
बर्फाला भोकं पाडून म्हातारे गळ टाकून बसलेले.
बर्फ आज किती बोटं जाड आहे
हे प्रत्येकाला ठाऊक.
त्यासाठी कुणी परिपत्रक काढलं नव्हतं.

जिन्यात कोबीचा वास आणि ओल्या लोकरीचा.
घंटा बंद. दार ठोठावलं.
वेल्ता साउलीते, वय एक्याऐंशी, अंगात दोन स्वेटर.
"पेन्शनचं काही आहे का?"
"नाही," मी म्हटलं, "जहाजांचं."

ती हसली नाही. बाजूला झाली.

कागदोपत्री ती चौदा मालवाहू जहाजांची मालकीण.
पोलादाचे पत्रे विकायची,
तेच पत्रे दुसऱ्या नावाने विकत घ्यायची,
एका तिमाहीत नव्वद कोटी युरो
तिच्या सहीखालून गेले
दाराखालून वारा जावा तसे.
वारा मात्र खरंच येत होता.
तिने फटीला जुना टॉवेल गुंडाळून लावला होता.

"एक मुलगा यायचा. स्वच्छ नखांचा.
सहीला पाच युरो द्यायचा.
मी ट्रामवर कंडक्टर होते, एकतीस वर्षं.
विनातिकीट माणूस पाठीवरून ओळखायचे.
पण हा माझ्या ट्राममध्ये
कधी चढलाच नव्हता ना."

कंपन्यांची पत्रं ती चुलीत घालायची,
पाकिटाची पारदर्शक खिडकी आधी फाडून,
कारण ती जळली की घाण वास येतो.
एवढी बारीक छाननी
आमच्या अख्ख्या विभागात कुणी केली नव्हती.

कुंपणच शेत खातं, म्हणतात.
आमच्या कुंपणाने काही खाल्लं नाही, शपथेवर सांगते.
त्याला फक्त दर वर्षी रंग द्यायचो आम्ही.

परत येऊन जुन्या तपासणीचा फॉर्म काढला.
प्रश्न सतरावा : पत्त्याची प्रत्यक्ष खातरजमा केली?
होय.
जोखीम : कमी.
खाली सही. पहिलं अक्षर गोल, शेवटी लांब शेपूट.
माझी.
तो दिवस आठवतो. शुक्रवार होता,
लिंडनला फुलं आली होती,
आणि चारची ट्राम पकडायची होती.

बँकेचं नाव घेत नाही, अपील चालू आहे.
दंड झाला. भागधारकांच्या खिशातून भरला गेला.
अनुपालन विभागाचा प्रमुख गेला,
लंडनला, दुप्पट पगारावर.
नखांवरून माणूस शोधता येत नाही.
वेळेवर गोठवलं गेलं असं खातं एकच :
साउलीते, वेल्ता. शिल्लक
एकशे बेचाळीस युरो सदतीस सेंट.
तिचा फोन आला, लाकडं संपलीत म्हणून.
मी तिला तक्रारीचा नंबर दिला.
तोही आमचाच.

निघताना तिने हातात
प्लमच्या मुरंब्याची बरणी ठेवली होती,
झाकणाला रबर, रबराखाली कापडाचा तुकडा.
आमची भेटवस्तूंची वही चोख असते.
लेखापरीक्षकांना तिच्यात आजवर
एक खाडाखोड सापडलेली नाही.
मी लिहिलं : मुरंबा, बरणी एक,
अंदाजे किंमत दोन युरो, परत केली.

बरणी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे,
निम्मी संपलेली.
लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही.